सॉक्रेटिस अनवाणी चालायचा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानासकट सगळी ओळच पाडणार आहेत आणि मार्चअखेर जागा मोकळी करून द्यायची आहे, हे मला आत्याच्या पत्रातून कळलं. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, मान्य. पण पत्रात एक ओळ लिहायला काय झालं होतं? तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. परवा वर्गात फळ्यावर एक लिहीत होते आणि तोंडाने भलतंच बोलत होते, शेवटी मुलांनीच दाखवून दिलं.

तुमच्या जावयांशी बोलून आम्ही ठरवलं आहे की तुम्ही इकडे यायचं. पाहुणे म्हणून नाही, कायमचं राहायला. आत्या तिच्या मुलाकडे जाणार, मग तुम्ही त्या घरात एकटेच भिंतींशी बोलत बसणार का? आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे आणि तिच्या खिडकीतून दिवसभर उजेड येतो. ती आजोबांची खोली आहे म्हणून ठकीने मला तिथे पुस्तकं ठेवायला बंदी केली आहे. पोर सहा वर्षांची, पण घरात हुकूम तिचाच चालतो.

सोबत माझ्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं पाठवते आहे. ग्रीक तत्त्वज्ञानाची तोंडओळख, ज्याने त्यातलं कधी काहीच ऐकलं नाही अशा माणसासाठी. पंधरा मार्चला सगळं लिहून देईन असं कबूल करून बसले आहे. प्रकाशक म्हणाले की आधी अशाच एखाद्या माणसाला वाचायला द्या. मला तुमच्याशिवाय कोणी सुचलं नाही, राग मानू नका. पहिलं प्रकरण थेलीसचं आहे. जग कशाचं बनलंय याचं उत्तर देवांच्या गोष्टीत न शोधता डोळ्यांसमोरच्या वस्तूंत शोधणारा हा पहिला, असं मानतात. त्याचं उत्तर होतं, पाणी. उत्तर चुकलं, पण प्रश्न टिकला. दुसरं हेराक्लिटसचं. त्याच्या मते सगळं सतत बदलत असतं, एकाच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही. कळणार नाही तिथे पेन्सिलीने फुली मारा.

बाकी ठीक. मला एका जागी बसवत नाही, एवढंच. उत्तर लवकर द्यावं आणि लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची
भिंगरी

*

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

प्रकरणं वाचली, दुकानातच वाचली, कातडं भिजत घातलं होतं तेवढ्या वेळात. सहा फुल्या मारल्या आहेत. तुझा थेलीस तारे बघत चालताना विहिरीत पडला आणि मोलकरीण त्याला हसली, ती गोष्ट आवडली. वर बघत चालणारी दोन-तीन गिऱ्हाईकं माझ्याकडेही आहेत. त्यांचे जोडे पुढून, अंगठ्याशी आधी फाटतात. विहिरीत अजून कोणी पडलेलं नाही.

दुसऱ्याचं मात्र अर्धंच पटलं. नदी बदलते, कबूल. गिऱ्हाइकाचं पाऊलही बदलतं, म्हणून तर दर खेपेला मी माणसाला कागदावर उभं करून पेन्सिल फिरवतो, मग तो तीस वर्षांचा ओळखीचा का असेना. हा नियम मी कुणासाठी मोडला नाही. घरच्या माणसाची गोष्ट वेगळी. तू वीस वर्षांची असताना शिकायला निघालीस तेव्हा तुझ्या पावलाचा फर्मा मी स्वतः लाकूड तासून केला. दुसरे सगळे फर्मे दोरीला ओवलेले आहेत, तुझा एकटा वेगळ्या खिळ्यावर आहे. तुझं माप मला तोंडपाठ आहे, ते बदलायचं काम नाही. तिथे मी एक फुली जास्त जोराने मारली आहे, कागद जरा फाटला.

जागेचं म्हणशील तर तुला सांगून तू काय करणार होतीस? आवराआवर चालू आहे. चाळीस वर्षांचं सामान, हातात धरलं की खाली ठेववत नाही आणि खाली ठेवलं की सापडत नाही. तुझ्याकडे यायचं अजून ठरवलेलं नाही. तू बोलावतेस हे खरं, पण बाप म्हणून बोलावतेस की कर्तव्य म्हणून, ते बघायला हवं. मला कुणाची अडगळ होऊन राहायचं नाही.

एक काम कर. बाक मोडण्याआधी शेवटचं काम तुझं करायचं असं मी ठरवलं आहे. ठकी झाल्यापासून दरवर्षी एक, असे सहा जोड तुला पाठवले. त्यातला सगळ्यात जुना परत पाठव. सहा वर्षांत तळ गेलाच असेल, नवा बसवून देतो.

जावयांना नमस्कार, ठकीला पापा. माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

बाबा

*

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

फुल्या पाहिल्या. सहापैकी पाच ठिकाणी तुमचं बरोबर होतं, तिथे मी सोपं लिहिलं आहे. सहाव्या फुलीवर विचार चालू आहे.

आज सॉक्रेटिस पाठवते. त्याने स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. बाजारात फिरायचा आणि भेटेल त्याला प्रश्न विचारायचा. शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, चांगलं म्हणजे काय. समोरचा आधी ऐटीत उत्तर द्यायचा, आणि चार प्रश्नांनंतर त्याला कळायचं की आपल्याला काहीच माहीत नाही. सत्तराव्या वर्षी शहराने त्याच्यावर खटला भरला आणि विष प्यायला लावलं. पळून जाता येत होतं, तरी गेला नाही. तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे तो थंडीतही अनवाणी चालायचा.

जोड्यांचं म्हणाल तर ते छान टिकले आहेत. इतक्यात तळ बदलायची खरंच गरज नाही, तुम्ही आवराआवरीत दमला असाल, उगाच काम कशाला वाढवता? त्यापेक्षा यायची तारीख कळवा. खोलीला रंग देऊन झाला आहे.

कळावं, आणि माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

भिंगरी

*

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे.

बाबा जुना जोड मागताहेत. आत्या, मी त्यातला एकही घातलेला नाही. ठकीच्या वेळी माझे पाय सुजले, सूज उतरली पण पाय पसरले ते पसरलेच. दोन नंबर मोठे झाले. ती महिन्याची असताना पहिला जोड आला. सोबतच्या चिठ्ठीत बाबांनी लिहिलं होतं की डोळ्यांना त्रास होतो तरी टाके बारीक घातले आहेत. त्यांना कोणत्या तोंडाने लिहू की होत नाहीत? लिहिलं, छान बसले. पुढच्या वर्षी दुसरा आला. मग तर काही बोलायची सोयच राहिली नाही. दोनदा घरी आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चपला पिशवीत टाकून ते जोडे चढवले होते. फोड आले होते ते तू पाहिलेस आणि गुपचूप मलम आणून दिलंस, आठवतं?

सहाही खोकी कपाटावर तशीच आहेत. आता बाबा इथे येणार म्हटल्यावर ती कुठे लपवू, या काळजीने जीव नुसता खालीवर होतो. ते यावेत म्हणून मी त्यांना पत्रं लिहिते, आणि पोस्टातून परत येताना खोकी डोळ्यांसमोर नाचतात. दुसऱ्यांना सॉक्रेटिस शिकवणारी मी, माझ्या बापाला एक साधी गोष्ट खरी सांगू शकत नाही. लाज वाटते.

काही सुचलं तर कळव. तुझाच आधार आहे, तो काढून घेऊ नकोस.

भिंगरी

*

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा सॉक्रेटिस दोनदा वाचला, एकही फुली नाही. हा माणूस आमच्या धंद्याचा शत्रू. पण मी विचार केला. जोडे घातलेल्या माणसाला रस्ता कळत नाही, अनवाणी माणसाला बारीक खडाही टोचतो. म्हणून हा सारखा विचारत सुटला असेल. शेवटी तू कुणा सिमोनची आख्यायिका दिली आहेस, जोडे शिवणारा, ज्याच्या दुकानात बसून सॉक्रेटिस गप्पा मारायचा आणि जो त्या गप्पा लिहून ठेवायचा. ते पान मी शेजारच्या शिंप्याला वाचून दाखवलं. त्याचं तोंड उतरलं, शिंप्यांचं त्यात काहीच नाही म्हणून.

आता तुझ्याच माणसाच्या पद्धतीने तुला विचारतो. जोडे छान आहेत असं लिहितेस. छान म्हणजे काय? दिसायला छान, टिकायला छान की पायाला छान? पायाला छान असतील तर रोज घालत असशील. रोज घालत असशील तर सहा वर्षांत तळ झिजला असेल. झिजला असेल तर बदलायला हवा. आणि झिजला नसेल तर तू चालतेस कशाने? याचं उत्तर मला पत्रात नको, पार्सलात हवं. टाच आतून झिजली की बाहेरून, तेवढं बघून मला तुझी चाल कळते.

राहायला येण्याचं मी या कामानंतर ठरवीन. असं का ते मलाच नीट सांगता येत नाही. जिच्या पायात माझं काम आहे तिच्या घरात मला जागा आहे, असं आपलं वाटतं. म्हातारपणचा हट्ट समज हवं तर.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ धरून ठेव.

बाबा

*

३ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

जोड पाठवला आहे. तळ बराच गेलेला दिसेल, मी म्हटलं तितका काही टिकला नाही. कॉलेजचे जिने दगडी आहेत, त्यांनी खाल्ला असणार.

सोबत प्लेटोचं प्रकरण आहे, अर्धंच. तो सॉक्रेटिसचा शिष्य. गुरूला मारलेलं त्याने पाहिलं आणि या बदलत्या, दगाबाज जगावरून त्याचं मन उडालं असावं, असं मला वाटतं. तो म्हणतो की आपल्याला दिसतात ते सगळे घोडे, सगळी वर्तुळं, सगळी चांगली माणसं या नुसत्या नकला. अस्सल नमुना दुसरीकडेच आहे, कधी न बदलणारा, डोळ्यांनी न दिसणारा, फक्त बुद्धीला कळणारा. तुमच्या भिंतीवरचे फर्मे आणि त्यांवर घडलेले जोडे, असं मी उदाहरण दिलं आहे. तिथपर्यंत लिहिलं आणि आठ दिवस पुढे सरकलेच नाही. तीनदा टेबल हलवलं, खिडकीकडे तोंड, भिंतीकडे तोंड, काही फरक नाही.

पार्सल मिळाल्याचं लगेच कळवा, माझा जीव त्यात आहे. आपुलकी असू द्यावी.

भिंगरी

*

१२ मार्च

चि. भिंगरीस,

आत्याचे आशीर्वाद.

तू काय करून ठेवलंस गं पोरी? पार्सल आलं तेव्हा मी डबा घेऊन दुकानातच होते. तुझ्या बाबांनी चष्मा पुसला, जोडा उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. मग आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. दुसऱ्या जोड्याचंही तसंच. मग उठले आणि भर दुपारी दुकान बंद केलं. तुझी आई गेली त्या दिवसानंतर हे पहिल्यांदा.

मला म्हणाले की हा तळ चालून झिजलेला नाही, दगडावर घासलेला आहे. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले की शिकल्यासवरल्या माणसांत बापाच्या हातचे जोडे घालायची पोरीला लाज वाटत असेल, तर तिच्या घरात बापाचीही लाज वाटेलच. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली भाड्याने मिळते, ती बघून आले आहेत. तुझा फर्मा खिळ्यावरून काढून लाकूडवाल्याला जळणासाठी द्यायच्या ढिगात टाकला आहे. तो पुढच्या गुरुवारी येणार.

मी तुझ्या शपथेपायी ओठ शिवून बसले आहे, पण असं किती दिवस बसणार? प्लेटो आणि कोण ते राहू देत बाजूला. आधी बापाला लिही आणि खरं ते लिही. त्यांना वाटतंय ते खऱ्यापेक्षा फार वाईट आहे.

आत्या

*

१५ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

आज पुस्तक द्यायचं होतं, दिलं नाही. आठवड्याची मुदत मागून घेतली. आधी हे लिहायचं आहे.

तळ मी घासला. मागच्या जिन्याच्या पायरीवर, दोन दुपार. तुमचे जावई म्हणत होते की जे आहे ते सरळ सांगून टाक, मी ऐकलं नाही. लाज वाटते म्हणून मी तुमचे जोडे घालत नाही, असं तुम्हाला वाटलं ना? बाबा, ते मला होत नाहीत. ठकी झाली तेव्हापासून एकही झालेला नाही. माझे पाय दोन नंबर मोठे झालेत. बाजारातल्या चपला घालते, त्या सहा महिन्यांत तुटतात, आणि प्रत्येक वेळी तुम्ही आठवता.

का सांगितलं नाही? पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांसाठी. पुढे माझ्यासाठी. सगळे फर्मे दोरीला आणि माझा एकटीचा खिळ्यावर, हे मला फार आवडायचं. घर सोडलं, तुमचा धंदा शिकले नाही, आईच्या आजारपणात वेळेवर पोचले नाही, तरी त्या खिळ्यावर मी वीस वर्षांची, काही न चुकलेली अशी होते. ती जागा जाऊ नये म्हणून मी पाय कोंबत राहिले. प्लेटोचं प्रकरण का अडलं तेही मला काल कळलं. मी त्याच्या बाजूने लिहीत होते, आणि माझ्याच पायांना ते पटत नव्हतं.

काल ते प्रकरण संपवलं आणि अ‍ॅरिस्टॉटल लिहायला घेतला. तो वीसएक वर्षं प्लेटोजवळ राहिला, गुरूवर प्रेम केलं आणि तरीही म्हणाला की नमुना कुठे वर नसतो, तो वस्तूतच असतो. घोडा समजून घ्यायचा तर घोड्यापाशी जा, मासा समजून घ्यायचा तर मासा चिरून बघ. चालत चालत शिकवायचा म्हणतात, म्हणजे तुमच्या धंद्याला हा बरा.

सोबत एक कागद आहे. मी जमिनीवर त्याच्यावर उभी राहिले आणि ठकीने पेन्सिल फिरवली. तिने मध्येच गुदगुल्या केल्या, म्हणून डाव्या करंगळीपाशी रेघ वाकडी गेली आहे. बाकी बरोबर आहे.

खोली तुमची आहे. कर्तव्य म्हणून नाही. मला माझे बाबा हवे आहेत. क्षमा करावी, जमलं तर.

भिंगरी

*

२१ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र बुधवारी आलं. मी रागावलो होतो, अजून थोडा आहे, तो गाडीत बसेपर्यंत जाईल असं वाटतं.

बाप जोडे शिवतो आणि तू त्यालाच तळ घासून पाठवतेस, इतकी शिकून ही अक्कल? चालणाऱ्या माणसाचा तळ सगळीकडे सारखा कधी झिजत नाही. कुणाची टाच जाते, कुणाचा चवडा. तुझा तळ पाटीसारखा सपाट होता. आणि आतून तर कुणाच्या पावलाचा डागही नव्हता, फक्त पार पुढे पाच बारीक बोटं उमटली होती. कुणीतरी लहान पोर ते जोडे ओढत घरभर फिरलं आहे. मला वाटलं, पोरीने माझं काम पोरीला खेळायला दिलं. आता वाटतं, त्या सहा जोडांतला एक तरी कुणाच्या पायात गेला ते बरंच झालं.

तू दोनदा घरी आलीस तेव्हा लंगडत होतीस. मी पाहिलं होतं. आत्याला म्हणालो की मोठ्या शहरात राहून पोर नाजूक झाली. परक्या माणसाला मी दर खेपेला कागदावर उभं करतो आणि माझी मुलगी समोर लंगडते तेव्हा भिंतीकडे बघून सांगतो की माप पाठ आहे. तू खोटं बोललीस ते आहेच. पण मी विचारलंही नाही. सहावी फुली पुसून टाक, तो नदीवाला पुरता बरोबर होता.

कागद बाकावर पसरून ठेवला. टाच रुंद, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, उजवा पाय डाव्यापेक्षा जरा लांब. चाळीस वर्षं पावलं ओळखून पोट भरलं, पण हे पाऊल मला ओळखता आलं नाही. शिंप्याने विचारलं कुणाचं, तर कागद पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणालो, माझ्या मुलीचं.

लाकूडवाला परवा गुरुवारी येऊन गेला. तुझा फर्मा ढिगातून काढून घ्यावासा वाटला, हातही लावला. कातडं चढवून तो मोठा करता आला असता. पण जाऊ दिला. शिंप्यामागची खोली नको म्हणून सांगितलं. तीस तारखेच्या गाडीने येतोय. बरोबर रापी, आरी ही हत्यारं आणि फर्म्यांसाठी दोन कोरी लाकडं असतील, एक मोठं, एक लहान. ठकीला सांग, तिला दरवर्षी कागदावर उभं राहावं लागेल, गुदगुल्या झाल्या तरी.

उरलेले पाच जोड कपाटावरून खाली काढून ठेव. आणि मी येईन तेव्हा दारात अनवाणी उभी राहा. कुठे टोचतं ते मी विचारणार आहे, तेव्हा छान आहे म्हणू नकोस.

भेटीअंती बोलूच. तोवर माया धरून असावं.

तुझा
बाबा